पोरगी गावात ठेवायची तर

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या आमच्या डोंगरपट्ट्यात गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रक-ट्रॅक्टर येतात. त्यांत भांडीकुंडी, बाजरीची पोती, शेळ्या, अंथरुणं चढतात आणि वर माणसं बसतात. ऊसतोडीसाठी कुणी सांगली-कोल्हापूरला जातं, कुणी बेळगाव-बागलकोटकडे. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप थांबलं, की मार्च-एप्रिलात परत. शाळेचं निम्मं वर्ष उसात जातं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं ते याच पट्ट्यात, आणि हंगामी वसतिगृहही इथंच चालवलं.

सोबत नेलेल्या मुलीचा दिवस कसा जातो? आई-बाप पहाटेच कोयते घेऊन फडात जातात. कोपीवर, म्हणजे झोपडीत, राहिलेल्या नऊ-दहा वर्षांच्या पोरीकडे चूल, पाणी आणि कडेवरचं धाकटं भावंड. कारखान्याजवळच्या शाळेत तिला दाखल करून घ्यावंच लागतं, त्यासाठी शिक्षण हमी कार्डही निघालं. पण धाकट्याला कुठं ठेवून तिनं वर्गात बसायचं? शिवाय एक फड संपला की टोळी दुसरीकडे हलते.

यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृह. नाव ऐकून इमारत आणि खाटा डोळ्यांसमोर आणू नका. मुलं गावातच राहतात, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत शिजतं, दुपारचा पोषण आहार असतोच. झोपायला मूल आजीकडे नाहीतर चुलत्याकडे जातं. समग्र शिक्षा अभियानातून पैसे येतात, गावपातळीवर शाळा व्यवस्थापन समिती बघते. योजना साधी आहे आणि चांगली आहे. मुलगे तिच्यामुळे सहज मागे राहू लागले. मुलींच्या आया मात्र माझ्यासमोर बसून एकच विचारायच्या.

‘‘बाई, जेवणाचं नका सांगू. रातच्याला ती कुणाजवळ झोपंल, ते सांगा.’’

आजीला धड दिसत नाही, चुलता पिऊन येतो, पोरगी बारा वर्षांची झालेली. अशा आईला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. ती नेमका प्रश्न विचारत असते आणि आमच्या कागदांत त्याला रकानाच नव्हता. मग आम्ही दोन-तीन धडधाकट आज्या हेरल्या, त्यांच्याकडे चार-चार मुली एकत्र झोपायच्या. रविवारी माझ्या फोनवरून फडावर बोलणं व्हायचं. एवढ्यानं आयांचा जीव थाऱ्यावर आला आणि मुलींची नावं यादीत येऊ लागली.

पण हे वसतिगृह आठवीपर्यंतचं. खरी ओढाताण तिथूनच पुढे. ऊसतोडीत मजूर मोजतात ते कोयत्यानं, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. मुलाचं लग्न लावलं की घरात एक पूर्ण कोयता वाढतो. आणि मुलीच्या घरी तिला एकटी मागे ठेवायची धास्ती, सोबत न्यावी तर फडात तिच्यावर नजरा. दोन्ही घरांचं गणित चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीपाशी येऊन मिळतं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 100 बायकांपैकी जवळपास 44 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्यात हा आकडा 22च्या आसपास आहे.

मुलींसाठी मोफत एसटी पास आहे, सायकली आहेत. मुलगी गावात असेल तरच त्यांचा उपयोग. ‘लेक लाडकी’ योजनेत अठराव्या वर्षानंतर 75 हजार रुपये मिळणार आहेत, पण ते 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलींना. आज नववीत असलेल्या पोरीला त्यातलं काही नाही.

तिच्यासाठी खरी आशा मला दिसते ती ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहांत. 2021 साली राज्यातल्या 41 तालुक्यांसाठी अशी 82 वसतिगृहं मंजूर झाली, तालुक्याला एक मुलांचं आणि एक मुलींचं, प्रत्येकी 100 जणांचं. रात्रीच्या प्रश्नाला पहिल्यांदा सरकारी उत्तर मिळालं. पण ज्या तालुक्यात हजारोंनी माणसं उसाला जातात तिथं 100 जागा किती दिवस पुरणार? मुलींच्या जागा आधी वाढवाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलगा चुलत्याच्या ओसरीवर झोपून दहावी काढतो, मुलीला ती सोय नाही.

आणि वेळ पाळावी. उचल पावसाळ्यातच ठरते, म्हणून प्रवेशाचा कागद दिवाळीनंतर निघाला तर तो रिकाम्या गावात पोचतो. पोळ्याच्या आत आईला तालुक्याला नेऊन झोपायची खोली आणि गृहपालबाई दाखवल्या, तर उचल घेतानाच ती मुकादमाला सांगू शकते की यंदा पोरगी येणार नाही.