फ्लॅश आहे, तरी चेहरा काळा

फ्लॅश लावूनही चेहरा अंधारात राहिला, की बहुतेक जण शटर हळू करतात. त्याने मागची भिंत आणि झुंबर उजळतं, चेहरा जवळपास तसाच राहतो. फ्लॅशचा झोत साधारण १/१००० सेकंदात, बऱ्याचदा त्याहूनही आधी, संपलेला असतो. रात्री वीज चमकते तेव्हा खिडकी क्षणभर उघडी होती की मिनिटभर, याने विजेचा उजेड घरात कमी-जास्त येत नाही; तसंच हे.

चेहऱ्यावरचा उजेड अॅपर्चर (भिंगाचं छिद्र), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), फ्लॅशची ताकद आणि अंतर यांवर ठरतो. अंतराकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. दोन मीटरवरचा माणूस चार मीटरवर गेला, की त्याच्यावर पडणारा उजेड निम्मा नव्हे, चौथाई उरतो. फ्लॅश छताकडे वळवला असेल, तर वर जाऊन खाली येण्याचं अंतरही त्यात धरायचं.

शटर फार जलद केलं, म्हणजे सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणारा कमाल वेग, बहुधा १/२०० ते १/२५०) पुढे नेलं, तर फोटोत काळा पट्टा येतो. तो दोष फ्लॅशचा नव्हे.

टीटीएलवर (भिंगातून आलेला उजेड मोजून झोत ठरवणारी पद्धत) पांढऱ्या गाऊनमधली नवरी करडी दिसते, कारण मीटर पांढऱ्यालाच जादा उजेड समजतो. तिथे फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेल्या झोतात आपण करायची वाढ-घट) एकने वाढवून पाहावं.