ट्रकचा खडखडाट नेमका कुठून येतो? वेल्डिंग मारण्याआधी हे तपासा

डिचोली/पेडणे : रिकामा टिपर येतोय हे रस्त्याकडेच्या घराला गाडी दिसायच्या आधी कळतं. फाळका आपटतो, मडगार्ड थरथरतं, दार वाजतं. चालक सवयीने म्हणतो, "गाडी बोलूक लागली." मग एखाद्या दिवशी गॅरेजला नेऊन वाजणाऱ्या जागी वेल्डिंगचे दोन टाके मारले जातात. आठवडाभर गाडी गप्प राहते, नंतर दुसरीकडे वाजायला लागते, आणि महिन्याभरात टाक्याच्या शेजारीच पत्रा फाटतो.

डिचोली तालुक्यातील खनिजवाहू टिपर असोत, पेडण्यातून राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून धावणाऱ्या चिऱ्या-खडीच्या गाड्या असोत किंवा दोडामार्ग, बांदा आणि बेळगावकडून येणारे मालट्रक, सगळ्यांची तक्रार एकच. आवाज का होतो हे समजलं, तर निम्मं काम पान्ह्यानेच होतं.

बोल्ट आपोआप कसा सुटतो?

बोल्ट घट्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. त्या ताणामुळे दोन पत्रे एकमेकांवर दाबले जातात आणि त्या दाबामुळे होणारं घर्षण नटाला जागेवर धरून ठेवतं. खड्ड्यांतून जाताना पत्रे एकमेकांवर आडवे सरकू लागले, की दर हिसक्याला नट थोडा थोडा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं. उभ्या हिसक्यांपेक्षा आडव्या सरकण्याने बोल्ट लवकर सैल होतो.

यातून निघणारी गोष्ट गॅरेजमधल्या समजुतीच्या उलट आहे. साधा कापलेला स्प्रिंग वॉशर अशा आडव्या थरथरीत नटाला फारसा रोखू शकत नाही. पत्रे सरकूच नयेत एवढा दाब हवा. त्यासाठी योग्य मापाचा बोल्ट, योग्य ताकदीने आवळणं, आणि नट फिरणार नाही अशी सोय लागते. नायलॉन कडं असलेला नट त्यासाठी चांगला. मात्र तो एकदा काढला की नवाच घालावा आणि सायलेन्सरजवळ वापरू नये, कारण तिथल्या उष्णतेने नायलॉन निकामी होतं.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो. तो बोल्टची ताकद सांगतो. बाजारात आकडा नसलेले स्वस्त बोल्ट मिळतात, ते हौद्याच्या कामाला लावू नयेत. ८.८ जातीचा ८ मिलिमीटरचा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला, १० मिलिमीटरचा ४५ ते ५० ला आणि १२ मिलिमीटरचा ८० ते ८५ ला आवळला जातो. कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरावा.

आधी धुवा, मग शोधा

सैल बोल्टची एक ओळखीची खूण असते. त्याच्या भोवती तांबूस भुकटी साचते किंवा गंजाचा ओघळ दिसतो. लोखंडावर लोखंड घासून ती तयार होते. डिचोलीत अडचण अशी, की सगळी गाडीच खनिजाच्या तांबड्या धुळीने माखलेली असते. त्यात ही खूण दिसत नाही.

म्हणून गाडी आधी पाण्याने स्वच्छ धुवावी, वाळू द्यावी आणि डांबरी रस्त्यावरून एक रिकामी फेरी मारावी. त्यानंतर बॅटरीच्या उजेडात जोड पाहावेत. नवी तांबूस रेघ किंवा घासून चकाकलेली जागा दिसली, की तिथे खडूने खूण करावी.

आवाज कधी येतो हेही सांगतं. गाडी उभी असताना इंजिन वाढवल्यावर येत असेल तर सायलेन्सरची क्लॅम्प, बोनेट, रेडिएटरभोवतीचा पत्रा किंवा केबिनचे रबर पाहावेत. फक्त खड्ड्यात येत असेल तर फाळका, दार, टूलबॉक्स, मडगार्ड. रिकामी असताना वाजते आणि माल भरल्यावर गप्प होते, तर हौदा चेसिसवर नीट बसलेला नाही किंवा फाळक्याच्या पिना झिजल्या आहेत, असा संशय घ्यावा. एकाने रबरी हातोडीने ठोकत जावं, दुसऱ्याने पलीकडे हात लावून थरथर बघावी.

दार, मडगार्ड, टूलबॉक्स

केबिनचं दार अर्धं उघडून खालच्या कडेला धरून वर उचलावं. ते वरखाली हललं तर बिजागरीची पिन किंवा बुश झिजलं आहे, ते बदलावं. दार न हलता वाजत असेल, तर चौकटीवरचा लॉकचा आकडा सैल करून एक-दोन मिलिमीटर आत सरकवावा. दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावावं. ती सहज निघाली तर तिथे रबर दाबलं जात नाही, नवी रबर पट्टी लागणार.

मडगार्ड आणि टूलबॉक्सची भोकं बहुतेक वेळा लांबट झालेली असतात. तिथे नवा बोल्ट घालून उपयोग नाही. भोकावर मोठा रुंद वॉशर किंवा मागून जाड पट्टी लावावी, म्हणजे दाब पसरतो. पत्र्याला चीर गेली असेल तर चिरेच्या टोकाला तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडावं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग आतून पट्टी जोडावी. उघड्या पत्र्याला त्याच दिवशी रेड ऑक्साईड आणि रंग द्यावा. पेडण्याच्या किनारपट्टीवर, तेरेखोल, हरमल, मोरजीकडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खाऱ्या हवेमुळे इथे हयगय परवडत नाही.

हौदा आणि फाळका

ट्रकची चेसिस शिडीसारखी असते आणि खड्ड्यात ती पिळवटते. तशी ती पिळवटणं अपेक्षितच आहे. म्हणून हौद्याखालची चौकट चेसिसला यू-बोल्टने धरलेली असते. पुढच्या बाजूला थोडी मोकळीक आणि मागे पक्की पकड, अशी बांधणी अनेक गाड्यांत असते. आवाज थांबवायचा म्हणून पुढची चौकट चेसिसला वेल्ड केली, तर पिळवटण्याला वाट राहत नाही आणि चेसिसलाच चीर पडते. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला वेल्डिंग करू नये, भोकही पाडू नये.

यू-बोल्ट आवळताना चेसिसच्या पोकळीत आधाराचा ठोकळा आहे ना ते पाहावं, नाहीतर पट्टी आत वाकते. सायलेन्सरजवळ लाकडी ठोकळा नको, लोखंडी हवा. आवळल्यावर नटापासून पत्र्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला, हे पान्हा न लावता कळतं.

फाळक्याच्या वरच्या पिना आणि खालचे आकडे हा सगळ्यात धोक्याचा भाग. फाळका सुटला तर खनिज किंवा खडी थेट मागच्या दुचाकीवर पडते. झिजलेली पिन बदलावी, आकड्याची ओढ जुळवावी आणि फाळका जिथे टेकतो तिथे जाड रबराची पट्टी बसवावी. जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा तुकडाही चालतो. गाडीच्या बाजूचे संरक्षक बार आणि चाकांमागचे फ्लॅप याच फेरीत तपासावेत.

वर उचललेल्या हौद्याखाली जायचं असेल तर लोखंडी टेकू लावल्याशिवाय कुणीही जाऊ नये. हायड्रॉलिकचा पाईप फुटला की हौदा क्षणात खाली येतो.

वेल्डिंग करावंच लागलं तर

बॅटरीच्या तारा आधी काढाव्यात. बीएस-६ गाड्यांत, म्हणजे साधारण १ एप्रिल २०२० नंतर नोंदल्या गेलेल्या गाड्यांत, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जास्त आहे आणि वेल्डिंगच्या करंटने ती जळू शकते. अर्थिंगची क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेजवळच लावावी, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन ते खराब होतं. डिझेल टाकी, ब्रेकचे पाईप आणि वायरिंगपासून अंतर ठेवावं.

पावसाळ्यानंतरची तपासणी

गोव्यात पावसाळ्यात खनिज वाहतूक थंडावते आणि गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहतात. त्याआधीही इथल्या ट्रकमालकांनी लांबची बंदी पाहिली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर १६ मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. उभ्या गाडीच्या जोडांत पाणी आणि धूळ साचून आतून गंज चढतो. गंज फुगतो, पत्रा उचलतो, आणि गाडी निघाल्यावर तो गळून पडला की बोल्ट मोकळा होतो. त्यामुळे हंगामाच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि नंतर दर महिन्याला सगळे बोल्ट पाहणं बरं. नवीन काम केलं असेल तर पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावं.

कायदा तिन्ही राज्यांना एकच

गाडी एमएच-०७ असो, जीए-०४ असो की केए-२२, मोटार वाहन कायदा, १९८८ सगळीकडे लागू आहे. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तिचं फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जादा माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. खनिज चिऱ्यापेक्षा बरंच जड. हौदा अर्धा रिकामा दिसला तरी वजन पुरं झालेलं असतं, आणि तो रिकामा भाग भरला की दंडासोबत यू-बोल्टवरचा ताणही वाढतो.

दर महिन्याच्या तपासणीला पान्हे, रंगाची डबी, काही नट-बोल्ट आणि सकाळचे दोन तास पुरतात. दोन तास न दिल्यास चेसिसची चीर आणि उभी गाडी पदरात पडते. गाडीचा हप्ता मात्र ती उभी असली तरी थांबत नाही.