पालकाला शाळेत खुर्ची हवी

आमच्या वस्तीतल्या आईबापांना शाळेचा निरोप येतो तो बहुधा तक्रारीचाच. पोरगं शाळेत येत नाही, लक्ष देत नाही, मारामारी करते. बाप दिवसाची मजुरी बुडवून जातो आणि दाराशी उभा राहतो. गुरुजी बोलतात, हा मान हलवतो. याला संवाद म्हणायचे काय? हा तर हुकूम झाला!

१८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी सांगितले होते की, प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत. ते लोकांत मोकळेपणी मिसळतील, त्यांच्या गरजा जाणतील. आज बहुजन समाजातून हजारो शिक्षक झाले. पण मिसळणे मात्र राहूनच गेले! शाळा सुटली की तालुक्याचे गाव गाठायचे; वस्तीची वाट कित्येकांना ठाऊकही नसते.

अहिल्यानगर जिल्ह्यात या तुटलेपणाची किंमत मोठी आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. टोळी निघण्याआधी गुरुजी घरी येऊन बोलले, तर मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून शिकू शकते. नाही बोलले, तर ते फडात जाते आणि हजेरीपटावर केवळ 'गैरहजर' उरते.

याच जामखेड तालुक्यात खर्डा येथे २०१४ साली आमच्या एका विद्यार्थ्याचा खून झाला. खटल्यात साक्षीदार फिरले, त्यांत शिक्षकही होते. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. अशा जिल्ह्यात आईबापांनी शाळेवर विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर पहिले पाऊल शाळेनेच टाकले पाहिजे.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी व प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असेही हाच कायदा सांगतो. पण कागदावर सही घेण्यापुरती आमची माणसे समितीत असतील, तर त्या जागेचा उपयोग काय?

शिक्षकांवर निवडणूक, जनगणना आणि माहिती भरण्याचे ओझे आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच शिक्षक बांधवांकडे आमचे मागणे थोडेच आहे. सभा मजुरीची वेळ टाळून, संध्याकाळी वस्तीतल्या विहारात घ्या. पहिले वाक्य मुलाच्या गुणाचे बोला, उणीव नंतर सांगा. आणि पालकाला बसायला खुर्ची द्या.

आईबापांनीही आपला वाटा उचलावा. रामजी सुभेदारांनी प्रसंगी लेकींचे दागिने गहाण ठेवून भीमरावांना पुस्तके आणून दिली. त्या बापाचे आपण वारस आहोत. बोलावण्याची वाट न पाहता शाळेत जा, समितीच्या सभेला बसा, प्रश्न विचारा. दाराशी उभे राहण्याचे दिवस आता संपले पाहिजेत!