उत्कृष्ट खेळाडू निवडताना

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा आटोपल्या आणि स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागले की आपल्याकडे एका चर्चेला ऊत येतो. कँटीनच्या बाकावर, एस.टी.च्या थांब्यावर, ग्रंथालयाच्या पायरीवर एकच प्रश्न : यंदाचा आपला उत्कृष्ट खेळाडू कोण? क्रीडाशिक्षक जे बक्षीस देतात ते वेगळे. मी म्हणते आहे तो विद्यार्थ्यांचा, म्हणजे प्रेक्षकांचा कौल. त्याला ढाल नसते की प्रशस्तिपत्रक नसते, पण खेळाडूला त्याचे मोल ढालीहून कमी वाटत नाही. म्हणूनच हा कौल आपण कसा देतो, याचा थोडा विचार करावा असे मला वाटले.

मी स्वतः कधी संघातून खेळले नाही. पण सामने पाहात आले आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्याआधीचे माझे सारे शिक्षण जत्रेतल्या आणि वाडीतल्या कबड्डीच्या मैदानाभोवती उभे राहून झाले, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या भागात प्रेक्षकाने निवड करणे ही काही नवी गोष्ट नव्हे. रात्रीच्या दशावतारात एखाद्या नटाने रंग भरला की कुणीतरी उठून नोट पुढे करतो. गावच्या कबड्डी स्पर्धेतही एखाद्याने एका चढाईत तीन गडी मारले की ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते, अमक्यांकडून या खेळाडूला इतके रुपये. पण ही बक्षिसे बहुतेक वेळा कोणाला मिळतात, हे लक्ष देऊन पाहावे. चढाई करणाऱ्याला! पकड करणाऱ्याला क्वचित, आणि पकडीला हात लावणाऱ्याला जवळजवळ कधीच नाही.

याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा. एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद. मधला वेळ सोडला तरी सामन्यात साधारण ८० चढाया होतात. त्यांतल्या निम्म्या आपल्या, निम्म्या समोरच्या संघाच्या. म्हणजे निम्मा सामना आपले गडी बचावच करीत असतात. परंतु आपण चढाई करतो तेव्हा मध्यरेषा ओलांडून एकटा जातो. साऱ्या मैदानाचे डोळे त्या एकट्यावर. आपण बचाव करतो तेव्हा सात जण उभे असतात, आणि सातांकडे एकाच वेळी कोण पाहणार?

आता एक पकड बारकाईने पाहू. चढाईपटू निदान रेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याकडे वळतो. कोपऱ्यातला गडी लगेच झेप घेत नाही. तो अर्धे पाऊल मागे सरून त्याला आणखी आत येऊ देतो. त्याच्या शेजारच्याने त्याचा हात धरलेला असतो. मधला खेळाडू किंचित पुढे सरकून परतीची वाट अरुंद करतो. मग कोपऱ्यातला घोट्यावर झेपावतो. चढाईपटू उसळी मारतो, घोटा जवळजवळ सुटतो, आणि त्याच क्षणी तिसरा खेळाडू त्याला छातीवर अडवून मागे ढकलतो. शिट्टी वाजते. गुणपत्रकात पकड लिहिली जाते ती एकाच्या नावावर. टाळ्याही त्यालाच. ज्याने वाट अरुंद केली त्याचे नाव कोठेच लागत नाही.

नियमाने पाहिले तर चढाईपटूने एक गडी मारला काय किंवा आपण चढाईपटू पकडला काय, दोन्हींचा गुण एकच. दोन्हींत समोरचा एक बाहेर जातो आणि आपला बाद झालेला एक आत येतो. उलट आपले तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानात असताना पकड झाली, तर एक गुण जादा मिळतो. तिला अव्वल पकड म्हणतात. बुडत्या संघाला लोणापासून वाचवणारी हीच पकड असते. नियमांनी दोघांना सारखे लेखले. टाळ्यांनी मात्र नाही.

आकडे पाहून निवड करावी, असे काही जण सुचवतात. आकडे हवेतच, पण ते वाचता आले पाहिजेत. प्रो कबड्डीच्या २०१७ च्या पाचव्या हंगामात पाटण्याच्या परदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण मिळवले. पुढच्याच, २०१८-१९ च्या हंगामात उत्तर प्रदेशच्या संघाचा उजवा कोपरा सांभाळणाऱ्या नीतेश कुमारने पकडीचे १०० गुण पूर्ण केले. एका हंगामात पकडीचे शंभर गुण त्यापूर्वी कोणीच मिळवले नव्हते. आता ३६९ मोठे की १००? नुसता आकडा पाहणारा चटकन उत्तर देईल. पण चढाईपटूला एका चढाईत दोन-तीन गडी मारता येतात, शिवाय समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस रेषेचा गुणही मिळतो. पकड करणाऱ्याला एका वेळी एकच शिकार, आणि तीही समोरचा जवळ आला तर! दोघांची मापे वेगळी. तांदूळ पायलीने मोजतात आणि तेल मापट्याने. पायलीत तेल ओतून ते कमी भरले म्हणणे बरे नव्हे.

ही अडचण कबड्डीपुरती नाही. फुटबॉलमध्येही तेच. युरोपातल्या उत्कृष्ट खेळाडूला १९५६ पासून ‘बॅलन डी’ऑर’ हा सोनेरी चेंडूचा पुरस्कार देण्यात येऊ लागला. इतक्या वर्षांत तो मिळवणारा गोलरक्षक एकच : रशियाचा लेव्ह याशिन, १९६३ साली. बाकी बहुतेक वेळा तो गोल करणाऱ्यांकडेच गेला. आपल्या शेजारच्या गोव्यात फुटबॉल म्हणजे घराघरातला विषय. तेथल्या फुटबॉलपटूंपैकी अर्जुन पुरस्काराचा पहिला मान मात्र १९९७ साली एका गोलरक्षकाला, भारताचे कर्णधारपद भूषवलेल्या ब्रह्मानंद शंखवाळकरांना मिळाला. गोल न होऊ देणाऱ्याकडेही कोणीतरी नीट पाहिले होते, याचा आनंद वाटतो.

मग प्रेक्षकांनी निवडूच नये काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला तीन गोष्टी बोलक्या वाटल्या.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. बेसबॉल हा खेळ आपल्याला परका, पण ही गोष्ट ऐकल्यावर ओळखीची वाटेल. तेथे वर्षातून एकदा निवडक खेळाडूंचा सामना होतो आणि त्यासाठीचे खेळाडू तेव्हा प्रेक्षकांच्या मतांनी ठरत. १९५७ साली सिनसिनाटी या एकाच शहरातल्या लोकांनी मतपत्रिकांचा असा पाऊस पाडला की आठपैकी सात जागांवर त्यांच्याच संघाचे खेळाडू निवडून आले. तेथल्या वर्तमानपत्राने आधीच खुणा केलेल्या मतपत्रिका छापल्या होत्या! शेवटी खेळाच्या आयुक्तांनी त्यांतले दोन खेळाडू वगळून विली मेज आणि हँक ॲरन या दोघांना घेतले आणि प्रेक्षकांचा मताधिकारच काढून घेतला. तो त्यांना परत मिळाला १९७० साली. ‘आमचोच बरो’ म्हणणारे केवळ आपल्याच वाडीत असतात असे नाही.

दुसरी गोष्ट २००० सालची. शतकातला सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू निवडण्यासाठी जागतिक फुटबॉल संघटनेने इंटरनेटवर जनतेचा कौल घेतला. त्यात मॅराडोनाला ५३ टक्क्यांहून अधिक मते पडली आणि पेले १८ टक्क्यांवर राहिला. इंटरनेट वापरणारे बहुतेक तरुण. त्यांनी मॅराडोनाला खेळताना पाहिले होते, पेलेला नव्हे, असा आक्षेप निघाला. जाणकारांच्या मंडळाने पेलेला निवडले. अखेर पुरस्कार दोघांनाही देण्यात आला. लोकांनी डोळ्यांपुढचा निवडला, जाणकारांनी आठवणीतला. दोघांनाही खोटे म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट इंग्लंडची, आणि मला ती सर्वांत आवडते. तेथल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेने १९७४ साली असे ठरवले की वर्षाचा उत्कृष्ट खेळाडू खेळाडूंनीच मत देऊन निवडावा. पहिल्याच वर्षी त्यांनी कोणाला निवडले? लीड्स संघाच्या नॉर्मन हंटरला, एका बचावपटूला! पुढे तेथेही गोल करणारे बरेचदा निवडून आले, म्हणून एका उदाहरणावर फार भार टाकू नये. पण समोर उभे राहून ज्याने मार खाल्ला, त्याला अडवणाऱ्याची किंमत कळते, एवढे तरी यातून दिसते.

या तिन्ही गोष्टींवरून मला असे वाटते की प्रेक्षकांचा कौल घ्यावा, अवश्य घ्यावा, पण तो घेण्याची रीत सुधारावी. आपली आजची रीत म्हणजे एक नाव सांगायचे आणि हात वर करायचे. यात काय होते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, शंभर विद्यार्थी मत देत आहेत. ४० जणांना पहिला चढाईपटू उत्तम वाटतो, ३५ जणांना दुसरा चढाईपटू आणि २५ जणांना कोपऱ्यातला गडी. हात वर केले की पहिला चढाईपटू जिंकला. आता प्रत्येकाला क्रमाने तीन नावे लिहू द्या आणि पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ असे गुण द्या. दोन्ही चढाईपटूंच्या चाहत्यांनी दुसरे नाव कोपऱ्यातल्या गड्याचे लिहिले आणि त्याच्या २५ चाहत्यांनी दुसरे नाव पहिल्या चढाईपटूचे लिहिले, तर बेरीज अशी होते : पहिला चढाईपटू २०५, दुसरा १७०, आणि कोपऱ्यातला गडी २२५. मतदार तेच, मनेही तीच, निकाल मात्र उलटा. सर्वांनाच जो चांगला वाटत होता, तो हात वर करण्याच्या रीतीत कोणालाच दिसला नव्हता.

रीतीत आणखी एक सुधारणा हवी. मत हंगामाच्या शेवटी एकदाच न घेता प्रत्येक सामन्यानंतर घ्यावे. शेवटच्या सामन्यातली एक चढाई डोळ्यांत इतकी भरते की पहिल्या फेरीत कोणी संघ सावरला हे आपण विसरून जातो. सामना संपताच वहीत तीन नावे लिहायला दोन मिनिटेही लागणार नाहीत. त्याच वहीत एक रकाना ‘पकडीला साथ’ असा असावा. झेप कोणाची, हे गुणलेखक लिहितोच. साथ कोणाची, हे आपण प्रेक्षकांनी लिहावे. बाहेरून पाहणाऱ्यालाच ते दिसू शकते. आणि शेवटी प्रेक्षकांचा, संघातल्या खेळाडूंचा व क्रीडाशिक्षकांचा असे तीन कौल स्वतंत्र जाहीर करावेत. तिघांचे एकमत झाले तर उत्तमच. न झाले तर चर्चेला विषय मिळाला!

एक गोष्ट अजून राहिली आणि ती मला मुद्दाम सांगायची आहे. मुलींच्या संघाचे काय? आपल्या मुली खेळतात तेव्हा भोवतीची गर्दी अर्ध्यावर येते. जेथे प्रेक्षकच नाहीत तेथे प्रेक्षकांचा कौल कोठून येणार? मग उत्कृष्ट खेळाडूच्या चर्चेत मुलींची नावे निघत नाहीत, आणि नावे निघत नाहीत म्हणून पुढच्या वर्षी पाहायला कोणी येत नाही. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या : अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के. राज्य शासनाने तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. त्याही कधीतरी अशाच मोकळ्या मैदानांवर खेळल्या असतील. शाळा सुटल्यावर घरचे पाणी भरून, भावंडांचे आवरून सरावाला येणारी मुलगी काय मागते? कोणीतरी आपला खेळ पाहिला, एवढेच तिला कळायला हवे असते. वहीतले एक नाव ते काम करू शकते.

आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात, ती सर्वांनी पाहिली असेल. जाळ्याचे दोन दोर, आणि प्रत्येक दोराला माणसांची रांग. पाण्याजवळचा माणूस सर्वांना दिसतो, मागे वाळूत टाच रोवून उभा असलेला दिसत नाही. पण मासळी वाळूवर आली की वाटे घालतात तेव्हा दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा निघतो. मागे उभा होता म्हणून कोणी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. ही रीत आम्हा रापणकरांच्या घरी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती कोणी पुस्तकात वाचून काढलेली नाही.

महाविद्यालयात येऊन आपण निवडणूक, मताधिकार, लोकशाही हे शब्द शिकतो. राज्यशास्त्राच्या तासाला त्यांच्या व्याख्याही लिहून घेतो. आपल्या संघातला उत्कृष्ट खेळाडू निवडणे ही तशी लहानशी गोष्ट. पण नीट पाहून, सर्वांकडे पाहून, आपल्या वाडीचा की परक्या गावचा हे बाजूला ठेवून मत देण्याचा सराव करायला याहून बरी जागा कोठे मिळणार? पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला एक वही घेऊन या. मी माझी घेऊन येणारच आहे. आणि पहिला सामना मुलींचा असला, तर तेथूनच सुरुवात करू.