ट्रॅक्टरची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी ‘हे’ तपासा

भिवंडी तालुक्यातली भातशेती प्रामुख्याने पावसावरची. चिखलणीला हाताशी मोजकेच दिवस असतात आणि नेमका तेव्हाच जुना ट्रॅक्टर ‘टक्’ आवाज करून गप्प होतो. बॅटरी गेली असे समजून नवी आणली जाते. पण दोष बेल्टमध्ये किंवा वायरिंगमध्ये असेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरते.

बेल्टचा संबंध काय?
बहुतेक जुन्या ट्रॅक्टरमध्ये एकच फॅन बेल्ट पंखा, वॉटर पंप आणि डायनामो किंवा अल्टरनेटर फिरवतो. तो सैल झाला की घसरतो. मग चार्जिंग कमी होते आणि इंजिनही तापते. ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर आधी बेल्टच पाहा.

बेल्ट कसा तपासायचा?
इंजिन बंद करून चावी काढा. दोन पुलींच्या मधोमध बेल्ट अंगठ्याने दाबा. तो साधारण १० ते १५ मिलिमीटर दबायला हवा. नेमके माप मॅन्युअलमध्ये असते. फार ताणला तर बेअरिंग खराब होते. चिरा पडल्या असतील, कडा गुळगुळीत होऊन चमकत असतील किंवा बेल्ट तेलाने भिजला असेल, तर तो बदला.

मीटर काय सांगतो?
साधा मल्टिमीटर बॅटरीला लावा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा म्हणजे बॅटरी भरलेली. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर अल्टरनेटर असेल तर तो साधारण १३.८ ते १४.४ व्हायला हवा. वाढलाच नाही, तर दोष बेल्ट, अल्टरनेटर, रेग्युलेटर किंवा त्यांच्या वायरिंगमध्ये शोधा. बॅटरी भरलेली असूनही नुसते ‘टक्’ होत असेल, तर टर्मिनल आणि बॉडीला जोडलेली अर्थची केबल पाहा. तिथला गंज घासून काढा. काढताना अर्थची केबल आधी काढा आणि जोडताना शेवटी जोडा.

हे करू नका
चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढू नका. अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. फ्यूजच्या जागी तार घालू नका.
सर्वांत धोक्याचे म्हणजे खाली उभे राहून स्टार्टरला स्क्रू ड्रायव्हर लावून ‘डायरेक्ट’ करणे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर इंजिन सुरू होताच तो पुढे सरकतो आणि मागचे चाक शेजारच्या माणसावर येते. त्यामुळे घाई कितीही असली, तरी ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून, क्लच दाबून, सीटवर बसूनच सुरू करा.