इंग्रजी व्याकरणातील शब्दांच्या जाती

वाक्यात शब्द जे कार्य करतो त्यावरून त्याचा जो वर्ग ठरतो, त्याला व्याकरणात शब्दाची जात असे म्हणतात. इंग्रजीत या वर्गांना ‘पार्ट्‌स ऑफ स्पीच’ अशी संज्ञा आहे. पारंपरिक इंग्रजी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती मानल्या जातात. मराठी शालेय व्याकरणातील आठ जाती याच वर्गीकरणाच्या आधारे निश्चित झाल्या. त्यामुळे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील जातींची नावे व व्याख्या परिचित वाटतात. मात्र दोन्ही भाषांची रचना भिन्न असल्याने काही ठिकाणी हे साम्य फसवे ठरते.

इतिहास

या वर्गीकरणाचा उगम ग्रीक व्याकरणात आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रंथात शब्दांचे आठ वर्ग आढळतात. लॅटिन भाषेत उपपद नसल्यामुळे लॅटिन वैयाकरणांनी तो वर्ग वगळला आणि केवलप्रयोगी अव्ययाचा वर्ग स्वतंत्र मानून आठ ही संख्या कायम ठेवली. पुढे हीच चौकट इंग्रजीला लावण्यात आली. लिंडले मरे याच्या १७९५ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी व्याकरणात उपपद धरून नऊ जाती दिलेल्या आहेत.

भारतीय परंपरेतील विभागणी याहून वेगळी होती. यास्काने निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार वर्ग सांगितले, तर पाणिनीने पदांचे सुबन्त व तिङन्त असे दोन भेद केले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी इंग्रजी व्याकरणाची मांडणी समोर ठेवून मराठीचे वर्गीकरण केले. पुढे मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात पूर्वीच्या व्याकरणकारांच्या मतांची सविस्तर चिकित्सा केली.

आठ जाती

१. नाम – व्यक्ती, वस्तू, स्थळ किंवा गुण यांचे नाव. ‘लेक’ हे सामान्यनाम, तर ‘लोणार’ आणि ‘सुलतानपूर’ ही विशेषनामे होत.
२. सर्वनाम – नामाऐवजी येणारा शब्द, उदा. ‘ही’, ‘शी’, ‘दे’.
३. विशेषण – नामाविषयी अधिक माहिती सांगणारा शब्द, उदा. ‘गुड’, ‘टॉल’.
४. क्रियापद – क्रिया किंवा स्थिती दर्शवणारा शब्द, उदा. ‘राइट’, ‘इज’.
५. क्रियाविशेषण – क्रियापद, विशेषण किंवा दुसरे क्रियाविशेषण यांविषयी अधिक माहिती सांगणारा शब्द, उदा. ‘स्लोली’, ‘व्हेरी’.
६. शब्दयोगी अव्यय – नाम किंवा सर्वनाम यांचा वाक्यातील इतर शब्दांशी संबंध दाखवणारा शब्द, उदा. ‘ऑन’, ‘अंडर’.
७. उभयान्वयी अव्यय – शब्द किंवा वाक्ये जोडणारा शब्द, उदा. ‘अँड’, ‘बट’.
८. केवलप्रयोगी अव्यय – भावनेचा उद्गार, उदा. ‘ओह’.

कार्यावरून जातीची निश्चिती

इंग्रजीत एकच शब्द रूप न बदलता अनेक जातींत वावरतो. ‘फास्ट’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. ‘अ फास्ट ट्रेन’ यात तो विशेषण आहे, ‘ही रन्स फास्ट’ यात क्रियाविशेषण, ‘दे फास्ट ऑन एकादशी’ यात क्रियापद, तर ‘अ लाँग फास्ट’ यात नाम आहे. मराठीत या चार अर्थांसाठी अनुक्रमे ‘जलद’, ‘वेगाने’, ‘उपास करणे’ आणि ‘उपास’ असे शब्दप्रयोग करावे लागतात. म्हणून इंग्रजी शब्दाची जात शब्दकोशातील अर्थ पाठ करून ठरवता येत नाही. वाक्यातील त्याचे स्थान आणि कार्य पाहावे लागते.

शब्दाचा शेवटही पूर्णपणे भरवशाचा नसतो. ‘ली’ हा प्रत्यय बहुधा क्रियाविशेषण दर्शवतो, परंतु ‘फ्रेंडली’ हे विशेषण आहे. अशा वेळी पुढील कसोट्या उपयोगी पडतात. ज्याच्या आधी ‘द’ येऊ शकते व ज्याचे सहसा अनेकवचन होते ते नाम. ज्याचे रूप काळानुसार बदलते ते क्रियापद. आणि जे नामाच्या आधी येऊन त्याचे वर्णन करते ते बहुधा विशेषण असते. मात्र ‘वॉटर टँक’ यातील ‘वॉटर’प्रमाणे नामही दुसऱ्या नामाआधी येऊ शकते.

मराठीशी तुलना

सर्वांत मोठा फरक शब्दयोगी अव्ययात दिसतो. ‘प्रिपोझिशन’ या संज्ञेचा मूळ अर्थच ‘आधी ठेवलेला’ असा आहे, तर मराठी शब्दयोगी अव्यय नामानंतर, त्याच्या सामान्यरूपाला जोडून येते. ‘ऑन द टेबल’ म्हणजे ‘टेबलावर’. शिवाय इंग्रजीतील ‘टु’ किंवा ‘ऑफ’ यांचे काम मराठीत अनेकदा विभक्तिप्रत्यय करतात, उदा. ‘रामाला’, ‘रामाचा’.

या फरकामुळे काही चुका वारंवार होतात. ‘मी घरी जात आहे’ यातील विभक्तीसाठी ‘गोइंग टु होम’ अशी रचना केली जाते. वास्तविक येथे ‘होम’ हे क्रियाविशेषण असल्याने ‘गोइंग होम’ हीच योग्य रचना होय. तसेच ‘विषयी चर्चा करणे’ यावरून ‘डिस्कस अबाउट’ असे लिहिले जाते. परंतु ‘डिस्कस’ हे सकर्मक क्रियापद असून त्याला थेट कर्म लागते.

मराठीतील अनेक विशेषणे नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतात (चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल). इंग्रजीतील ‘गुड’ तिन्ही ठिकाणी तसेच राहते. ‘अ’, ‘ॲन’ व ‘द’ या उपपदांना मराठीत समांतर वर्ग नाही. ‘अ’ की ‘ॲन’ हे पुढील शब्दाच्या उच्चारावरून ठरते, लेखनावरून नव्हे. म्हणूनच ‘ॲन आवर’, परंतु ‘अ युनिव्हर्सिटी’.

आधुनिक दृष्टिकोन

पारंपरिक शालेय व्याकरणात उपपदांचा समावेश बहुधा विशेषणांत केला जातो. आधुनिक भाषाविज्ञानात मात्र उपपदे तसेच ‘दिस’, ‘माय’ यांसारखे शब्द ‘डिटर्मिनर’ या स्वतंत्र वर्गात घेतले जातात. त्यामुळे जातींची संख्या आठच असते असे नाही. वर्गीकरणासाठी निवडलेल्या निकषांप्रमाणे ती बदलते.