पापलेट किती लांब असावं?

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी चौदावं समुद्राचं. बेसुमार मासेमारी २०२०पर्यंत थांबवायची, असं त्यातलं एक कलम. ती मुदत केव्हाच हुकली. आपल्या किनाऱ्यावर मात्र हे उद्दिष्ट चक्क फूटपट्टीने मोजता येतं. महाराष्ट्राने २०२३मध्ये पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटर, म्हणजे हाताच्या पंजाएवढंही नाही! बोंबील १८०. अंडी घालण्याआधीच मासा ताटात जाऊ नये, हा हेतू. जाळ्याचा आस, म्हणजे छिद्र, बारीक असला की पिल्लंही अडकतात, आणि बंदरावर येईपर्यंत ती मेलेली असतात. त्यामुळे खरी तपासणी टोपलीची नव्हे, जाळ्याची व्हायला हवी.